दोघांत एक टोपली

पप्पा, मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या मुलीने तुम्हाला फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय, आणि गेलेल्या माणसावर रागवायचं म्हणजे कप्पाळ, तो काही उलट बोलत नाही. जिवंत होतात तेव्हाही फारसं बोलत नव्हतात म्हणा. आज शनिवार आहे, मला सुट्टी आहे, नवरा खाली भाजी आणायला गेलाय आणि मी इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले आहे. मघाशी मुलीने फोनमधून डोकं वर काढून विचारलं, "ममा, हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, तुझ्या आजोबांना. "बट ही'ज डेड, ममा." म्हटलं, ठाऊक आहे गं बाई, तू तुझं बघ. मग ती कानात ती बटणं घालून आत निघून गेली.

तुम्ही विचारायचात ना, पोरी, तिकडे नक्की करतेस काय? फुजैराला समुद्रावर एक मोठं हॉटेल आहे, त्यात मी बँक्वेट मॅनेजर आहे. म्हणजे तुम्ही वसईत लग्नाच्या मांडवात जे करायचात तेच, फक्त मांडवाच्या जागी एसी हॉल आणि तुमच्या खांद्यावरच्या पंच्याच्या जागी माझा काळा कोट. आठवडाभर तिथेच स्टाफच्या खोलीत राहते, सुट्टीला डोंगर ओलांडून घरी येते. खिडकीतून तेल भरायला थांबलेली जहाजं दिसतात, ओळीने उभी. गेल्या थंडीत आमच्याकडे एक बुकिंग आलं. बाहेरच्या बोर्डावर नुसतं 'वर्कशॉप' लिहायचं, फोटो काढायचे नाहीत, कोणाला काही सांगायचं नाही. कसलं डोंबलाचं वर्कशॉप! एका देशात मोठं युद्ध होऊन थांबलं होतं, आणि तिथलं सरकार आणि तिथली एक हत्यारबंद टोळी यांना इथल्या सरकारने बोलणी करायला बोलावलं होतं. टोळीची पोरं पोलिसांत घ्यायची का, मोठी हत्यारं कोणाच्या ताब्यात द्यायची, रस्त्यांवरच्या चौक्या कोणी सांभाळायच्या, असं सगळं. देशाचं नाव मी इथेही लिहीत नाही. तुम्ही कोणाला सांगणार आहात असं नाही, पण सवय लागली आहे.

दोन दिवस ती माणसं एका हॉलमध्ये बसून एकमेकांशी बोलली नाहीत. जो तो मधल्या माणसाशी बोलायचा. जेवायला दोन वेगळे हॉल, दोन वेगळे दरवाजे. प्रोटोकॉलचा अधिकारी म्हणजे इथलाच एक तरुण, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला, फार नम्र मुलगा. तो कॉरिडॉरमध्ये कपाळ चोळत उभा होता. मी कॉफी दिली तर म्हणाला, "मॅडम, दे विल गो होम टुमॉरो. खलास." आणि पप्पा, त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. मी काय बोलून गेले सांगू? म्हटलं, सर, उद्याचं जेवण मला माझ्या पद्धतीने लावू द्या. एकच टेबल. तो म्हणाला, "आर यू शुअर?" मी ताठ मानेने म्हटलं, "माय फादर डिड दिस ऑल हिज लाइफ, सर."

कारण तुमचा नियमच होता ना तो. ज्या घरात भाऊबंदकी, त्या घरचं लग्न घेताना तुम्ही आधी सांगायचात, पंगत एकच बसेल, टोप एकच लागेल, जमत असेल तर आचारी म्हणून मी, नाहीतर दुसरा बघा. आणि बसवताना एक याचा, एक त्याचा, असे आलटून पालटून. रश्शाबरोबर खायच्या गरम तळलेल्या फुग्यांची टोपली प्रत्येकापुढे नाही ठेवायची, दोघांत एक ठेवायची. तीही जो जास्त फुगलेला असेल त्याच्या हाताला लागणार नाही अशी, म्हणजे फुगा हवा तर त्याने शेजाऱ्याला म्हणायला पाहिजे, जरा सरकव रे. तुम्ही चुलीजवळून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत उभे राहायचात. एवढं 'सरकव रे' निघालं की तुम्ही वळून रश्शात मीठ बघायचात. तुमच्या तोंडावर तेव्हा जे हसू यायचं ते आईलासुद्धा कधी मिळालं नाही, असं आईच म्हणायची.

मी तसंच केलं. सूटवाला एक, टोळीवाला एक. टोळीवालेही सुटातच होते, फक्त कॉलर मानेला टोचत असल्यासारखे सारखे बोट घालत होते. खुबूसच्या, म्हणजे इथल्या भाकरीच्या, टोपल्या दोघांत एक. त्यांचा कमांडर म्हणजे जाडा, पांढऱ्या दाढीचा माणूस, त्याच्या शेजारी सरकारचा उपमंत्री. कमांडरची टोपली मी उपमंत्र्याच्या पलीकडच्या अंगाला ठेवली. पहिली काही मिनिटं काट्याचमच्यांचासुद्धा आवाज नाही. मी भिंतीला टेकून उभी. कमांडर ताटातल्या मटणाकडे बघतोय, मग टोपलीकडे, मग परत मटणाकडे. शेवटी त्याने घसा साफ केला आणि काहीतरी म्हणाला. उपमंत्र्याने टोपली उचलली. नुसती सरकवली नाही, वरची गरम भाकरी काढून त्याच्या ताटात ठेवली. मग दोघांनी एकमेकांची साखर किती आहे ते विचारलं, डायबेटिसची हो, आणि मग कमांडर हसला. दुपारनंतर ते दोघे बाल्कनीत उभे राहून जहाजं बघत होते. संध्याकाळपर्यंत करार झाला. प्रोटोकॉलवाला मुलगा माझ्यापुढे छातीवर हात ठेवून उभा राहिला, "मॅडम, युअर फादर इज अ ग्रेट मॅन." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, पप्पा. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते.

आमच्या हाऊसकीपिंगला एक सुपरवायझर आहे, त्याच देशाची. माझ्याच वयाची, बोलकी, चहात माझ्या दुप्पट साखर घालणारी. हॉटेलातल्या पोरांकडून हिंदी शिकलीय, आणि आम्ही दोघी हिंदीतच बोलतो. मी आनंदाने तिच्याकडे धावत गेले, म्हटलं, मुबारक हो, तुमच्या देशात आता शांती. ती नॅपकिनच्या घड्या घालत होती. तिने विचारलं, "हमारा गाव किसको मिला?" मला कळेचना काय विचारतेय. मग तिने समजावून सांगितलं. तिचं गाव दोन डोंगरांच्या मध्ये आहे. सगळं युद्धभर सरकार एका डोंगरावर, टोळी दुसऱ्या डोंगरावर. दोघांचं जमत नव्हतं म्हणून गाव कोणाचंच नव्हतं, आणि म्हणून जिवंत होतं. गावातले लोकच आळीपाळीने पहारा द्यायचे, बेकरीवाला, गवंडी आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ शाळेत मास्तर आहे. टोळीची माणसं शाळेतली मोठी पोरं भरतीला न्यायला आली तेव्हा हाच दारात उभा राहिला होता, आणि याने त्यांना हात हलवत परत पाठवलं होतं. त्यांनी जाताना त्याचं नाव विचारून घेतलं होतं.

दोन-तीन दिवसांत तिला गावाकडून कळलं. करारात टोळीच्या माणसांना पोलिसांचा गणवेश मिळाला, आणि मधला पट्टा त्यांनी सांभाळायचा असं ठरलं. म्हणजे जी माणसं मास्तरचं नाव विचारून गेली तीच आता पोलीस होऊन येणार, आणि गावाने आपली पहाऱ्याची हत्यारं त्यांच्याच हातात द्यायची. मी म्हटलं, पण कोणी विचारलं असेल ना गावाला? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टर, तूने टेबल लगाया था. हमारा कोई था उधर?" रागाने नाही हो म्हणाली. खरंच विचारत होती. नव्हतं कोणी. मीच तर एक याचा, एक त्याचा, असे बसवले होते. याचाही नाही आणि त्याचाही नाही असा माणूस कुठे बसतो, ते तुम्ही मला कधी शिकवलंच नाही.

आणि तेव्हापासून आपल्या आळीतलं ते लग्न माझ्या डोक्यातून जात नाही. बावखलाच्या तळ्याकाठचे ते दोघे भाऊ, वाडीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेले. धाकट्याच्या मुलीचं लग्न. तुम्ही अट घातलीत, एक पंगत. मी तेव्हा फ्रॉक घालत होते, पाण्याचे पेले मांडायला तुमच्याबरोबर आले होते. थोरला तोंड वाकडं करून बसला, टोपली धाकट्याच्या बाजूला, आणि मग ते तुमचं आवडतं 'सरकव रे'. मांडवभर टाळ्या झाल्या. दोघे गळ्यात पडले. फादरनी उठून आशीर्वाद दिला. आणि त्यांची विधवा बहीण मागच्या बाजूला, केळीच्या बुंध्याशी, तुमचे टोप घासत बसली होती. तिला मागची एक खोली आणि विहिरीजवळची चार झाडं त्यांच्या घरच्या आजोबांनी तोंडी दिलेली होती. भाऊ भांडत होते तोवर दोघांनाही ती हवी होती, थोरला म्हणायचा ती माझ्या बाजूने आहे, धाकटा म्हणायचा माझ्या. एक झाले आणि कोणालाच नको झाली. पावसाळ्याआधी वाडीचे दोन सरळ भाग झाले, मध्ये कुंपण, आणि कुंपण बरोबर तिच्या खोलीतून गेलं.

ती आपल्या मागच्या दाराशी आली होती, आठवतं का तुम्हाला? मला आठवतंय म्हणजे तुम्हालाही आठवत असणार. आई तिला चहा देतेय. ती पेला हातात धरून नुसती उभी आहे, पीत नाहीये. तुम्ही आत पाटावर जेवताय. ती आतल्या बाजूला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, तुमचं ऐकतात ते दोघं. एक शब्द टाका." तुम्ही भातावर रस्सा ओतून घेतलात. मी मधल्या दारात उभी. मी म्हटलं, पप्पा, तिला पण पंगतीत बसवायला पाहिजे होतं. तुमचा हात ताटात थांबला, आणि तुम्ही माझ्यावर असे ओरडलात की शेजारची कोंबडी उडाली. "आपलं काम वाढायचं! वाटण्या करायचं नाही! फार शहाणी झालीस!" तुम्ही मला कधी ओरडत नव्हता, म्हणून मला तो ओरडा जन्मभर पुरला. मी तेव्हापासून वाढताना फक्त ताटं बघते, माणसं नाही. या नोकरीत त्याचा फायदाच झाला, खोटं कशाला बोलू?

ती बाई मग चुलत्यांकडे राहायला गेली. दर नाताळला तुम्ही करंज्यांचा मोठा डबा भरून स्वतः सायकलवरून तिला द्यायला जायचात. घरात कोणाला हात लावू द्यायचा नाहीत त्या डब्याला, करंजी मोडली तरी चिडायचात. मला वाटायचं, काय तो दयाळूपणा! परवा मी ड्यूटीचा तक्ता करायला बसले होते, आणि मी आमच्या त्या सुपरवायझरला, कोणी मागितलं नसताना, सलग तीन शुक्रवार सुट्टी दिली. लिहिता लिहिता माझा हात थांबला. म्हटलं, अगं बाई, हा तर पप्पांचा डबा. तुम्हाला सगळं कळत होतं तर. मला त्याचाच राग आला आहे. कळत नसतं तर मी तुम्हाला केव्हाच माफ केलं असतं.

आता या आठवड्याचं सांगते. बोलण्यांची दुसरी फेरी आमच्याकडेच ठेवली. कोणत्या तारखेला कोण कुठे शिरणार, गणवेश कधी वाटणार, एवढंच ठरवायचं. प्रोटोकॉलच्या मुलाने फोन करून सांगितलं, "मॅडम, सेम टेबल प्लीज. युअर फादर्स टेबल." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी लिनन रूममध्ये सुपरवायझरने माझा हात धरला. तिचा भाऊ सीमा ओलांडायच्या तयारीत होता. एक ट्रकवाला त्याला रविवारी नेणार होता, पण त्याचा पाय निघत नव्हता, शाळा टाकून कसा जाऊ म्हणत होता. ती म्हणाली, "सिस्टर, एक कुर्सी रखो हमारे लिए. कोई नहीं बैठेगा. खाली रखो. वो लोग पूछेंगे किसकी है. तू बस गाव का नाम बोल." मी म्हटलं, त्याने काय होणार? ती म्हणाली, निदान त्यांना आमचं नाव ऐकत जेवावं लागेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, लावते. वचन दिलं, पप्पा.

आणि लावली. टेबलाच्या मधोमध, बाकीच्यांसारखीच खुर्ची, ताट, पेला, आणि शेजारच्याच्या नि तिच्या मध्ये खुबूसची टोपली. नॅपकिनची घडी सुपरवायझरने स्वतः येऊन घातली, फार निगुतीने, आणि कामावर निघून गेली. मला बरं वाटत होतं. वाटत होतं, जे तुम्हाला जमलं नाही ते मी केलं. पाहुणे यायच्या जरा आधी प्रोटोकॉलचा मुलगा टेबल बघायला आला. चालत चालत तिथे थांबला. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याने विचारलं, "धिस वन, मॅडम? फॉर हूम?"

ओरडला नाही. घाईतही नव्हता. मी सांगितलं असतं तर त्याने ऐकून घेतलं असतं, असं मला अजून वाटतंय, आणि तेच खातंय मला. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घरातले सगळे माझ्या व्हिसावर आहेत. मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. हे सगळं खरं आहे, पण खरं सांगते, त्या वेळी मला यातलं काहीसुद्धा आठवलं नाही. मला फक्त तुमचा आवाज ऐकू आला, आपलं काम वाढायचं. मी म्हटलं, "सॉरी सर, एक्स्ट्रा चेअर. माय मिस्टेक." तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम." वेटरला हाकसुद्धा न मारता मी स्वतः ती खुर्ची उचलली, ताट काढलं, पेला काढला, टोपली सरकवून दोघांत एक केली. माणसं आली, जेवली. कमांडरने हसत मला ओळख दाखवली.

काल निघायच्या आधी ती पार्किंगमध्ये माझी वाट बघत उभी होती. "पूछा?" मी म्हटलं, हो, विचारलं. "नाम बोला?" आणि मी मान हलवली, पप्पा. नुसती मान. तिने माझं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाची पापी घेतली, आणि माझ्यासमोरच भावाला फोन लावला. मला तिची भाषा येत नाही, पण गावाचं नाव येतं, ते तिने दोन-तीनदा घेतलं. माझंही नाव घेतलं. फोन ठेवून म्हणाली, तो खूप खूश झाला, म्हणतोय मोठ्या लोकांसमोर गावाचं नाव निघालंय, आता आम्हाला उघडपणे कोणी हात लावणार नाही. "वो नहीं जा रहा, सिस्टर. स्कूल खोलेगा." मी म्हटलं, इन्शाल्ला. मग मी गाडीत बसले आणि डोंगरातून गाडी चालवत घरी आले.

तो ट्रक उद्याचा आहे. नवरा भाजी घेऊन आलाय, स्वयंपाकघरात पिशव्या वाजतायत, मुलगी आतून विचारतेय, "ममा, आर यू डन?" हा कागद मी कुठे पाठवणार, तुमच्याकडे कुठला पत्ता आहे? पप्पा, त्या सुपरवायझरचा नंबर सकाळपासून माझ्या फोनवर उघडा आहे. मला लिहायचं नव्हतंच, तिला फोन करून खरं सांगायचं होतं. तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.